दिनविशेष : ४ एप्रिल
भिंतीतून पुढे आलेले दोन हात

सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला मेम्फिसला गेलेले कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांची ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी गोळी घालून हत्या झाली. त्याच रात्री इंडियानापोलिसमधील कृष्णवर्णीय वस्तीत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिंगणात उतरलेले सिनेटर रॉबर्ट केनेडी यांची प्रचारसभा होती. धोका आहे, जाऊ नका, असे पोलिसांनी बजावले होते. केनेडी गेले. जमलेल्यांपैकी अनेकांना बातमी ठाऊकच नव्हती. ती केनेडी यांनीच उघड्या ट्रकवर उभे राहून सांगितली. लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवले आणि माझ्याही भावाचा (अध्यक्ष जॉन केनेडी यांचा) असाच खून झाला, हे दुःख पहिल्यांदाच जाहीरपणे बोलून दाखवले. द्वेषाने पेटू नका, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या दिवसांत अमेरिकेतील शंभरहून अधिक शहरांत दंगली उसळल्या. इंडियानापोलिस शांत राहिले. राजकीय नेत्याच्या शब्दाला इतके मोल क्वचितच येते.

दोनच महिन्यांनी, ६ जूनला केनेडीही मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले.

सभेच्या जागी आज किंग यांच्या नावाचे उद्यान आहे. तिथल्या ‘लँडमार्क फॉर पीस’ या स्मारकशिल्पात वाटेच्या दोन बाजूंच्या भिंतींतून किंग आणि केनेडी पुढे झेपावलेले, एकमेकांकडे हात पसरलेले दिसतात. मधून माणसे ये-जा करतात. आराखडा ग्रेग पेरी यांचा. १९९४ मध्ये भूमिपूजनाला अध्यक्ष बिल क्लिंटन उपस्थित होते. किंग यांच्या हत्येच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, ४ एप्रिल २०१८ रोजी या जागेला राष्ट्रीय स्मृतिस्थळाचा दर्जा मिळाला.