बिअरची चव ओळखताना

बीडमध्ये काय किंवा पुण्या-मुंबईत काय, बिअर मागताना बहुधा दोनच विशेषणे कानी पडतात : 'थंड' आणि 'स्ट्राँग'. यातले दुसरे मद्यार्काचे प्रमाण सांगते, चव नव्हे. आणि पहिले तर चव झाकूनच टाकते. अतिथंड पेयाचा गंध नाकाला फारसा जाणवत नाही.

बिअर पारखण्याची रीत साधी आहे. आधी रंग व फेस पाहावा, मग गंध घ्यावा, त्यानंतर लहान घोट. वर्णनासाठी परकी परिभाषा हवीच असे नाही. घरच्या स्वयंपाकघरातील शब्द पुरतात. सातूला (जवाला) मोड आणून तो वाळवला की माल्ट तयार होतो. हलक्या आचेवर वाळवलेल्या माल्टने सोनेरी रंग व बिस्किटासारखा गंध येतो; खरपूस भाजलेल्या धान्याने स्टाउटला काळा रंग आणि कॉफीची किंवा करपलेल्या भाकरीची आठवण करून देणारी चव मिळते. कडवटपणा हॉप या वेलीच्या फुलांचा. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेले केळे व लवंग यांचा गंध येतो; मात्र त्यात यातले काहीच घातलेले नसते, ती यीस्टची करामत असते. एल प्रकार तुलनेने उबदार तापमानात आंबवतात, म्हणून तो फळांच्या गंधाचा. लागर थंडाव्यात आंबते, म्हणून ती स्वच्छ चवीची. १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्सन गावी जन्मलेली पिल्सनर ही लागरच.

दोषही ओळखता यायला हवेत. उष्णतेत फार काळ राहिलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटलीवरील तारीख पाहिलेली बरी.

या पेयात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरातील वाळूज परिसराच्या बिअर कारखान्यांना जायकवाडीचे पाणी मिळते. त्याच धरणाचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात माजलगावपर्यंत येतो. एप्रिल २०१६ च्या भीषण दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपातीचा आदेश दिला होता.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षे वय व परवाना आवश्यक आहे. तो असणाऱ्याने निदान एवढे करावे : घशाखाली ओतण्याऐवजी घोट जिभेवर थांबवावा. ज्या मुलखात घागरभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पेल्यातील पाण्याची एवढी तरी कदर व्हावी.