न्यूट्रिनोजन्य पायॉननिर्मिती : सैद्धांतिक प्रतिमानांचा इतिहास

न्यूट्रिनो हा विद्युत् भाररहित व अत्यल्प द्रव्यमानाचा मूलकण आहे. पुरेशी ऊर्जा असलेला न्यूट्रिनो प्रोटॉनावर वा न्यूट्रॉनावर आदळल्यास पायॉन निर्माण होऊ शकतो. या घटनेचे सैद्धांतिक प्रतिमान कशासाठी लागते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणींत केलेल्या प्रयोगांवरून चांगले कळते.

विश्वकिरण वातावरणात शिरले म्हणजे जे कण उत्पन्न होतात, त्यांच्या क्षयातून न्यूट्रिनो निघतात. भूपृष्ठाखाली सु. २·३ किमी. खोलीवर अशा न्यूट्रिनोंच्या परस्परक्रिया आढळल्याचे मुंबई, ओसाका व डरॅम येथील संशोधकांनी ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत एफ्. राइनेस यांच्या गटालाही त्याच सुमारास यश आले.

पुढे कोलारलाच, १९८० च्या अखेरीस, प्रोटॉनाच्या क्षयाचा शोध सुरू झाला. सु. १४० टनांच्या अभिज्ञातकात लोखंडी पत्रे व प्रमाणी गणित्रे यांचे थर होते. येथे भूमिका उलटली : पूर्वी जो न्यूट्रिनो शोधाचा विषय होता, तोच आता व्यत्यय ठरला. प्रोटॉनाचा क्षय होऊन पॉझिट्रॉन व विद्युत् भाररहित पायॉन मिळतील, अशी अपेक्षा होती. त्यात मुक्त होणारी ऊर्जा सु. ९४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वातावरणीय न्यूट्रिनोंपैकी पुष्कळांची ऊर्जा याच घरातील आहे. असा न्यूट्रिनो इलेक्ट्रॉन व पायॉन निर्माण करून गेला, तर त्या खुणा प्रोटॉनक्षयासारख्याच दिसतात. म्हणून अशा फसव्या घटना किती घडाव्यात, याचे गणित आधी हाती असावे लागते.

या गणिताचा पाया एस्. एल्. ॲड्लर यांनी १९६८ मध्ये घातला. न्यूट्रिनोच्या आघाताने प्रोटॉन क्षणभर डेल्टा या उत्तेजित अवस्थेत (ऊर्जा १२३·२ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) जातो व पायॉन टाकून मूळ पदावर येतो, हे त्यातील मर्म. डी. राइन व एल्. एम्. सेहगल (आखेन, जर्मनी) यांनी १९८१ मध्ये फाइनमन व सहकाऱ्यांच्या क्वार्क-प्रतिमानाच्या आधारे अशा अठरा अवस्थांचा एकत्र हिशेब मांडला. तो कोलारसाठी केलेला नव्हता. पण वापरण्यास इतका सुटसुटीत की, सुधारणांसह तो आजही प्रचारात आहे. त्याची दुबळी बाजू निरीक्षणांची होती. आर्‌गॉन व ब्रुकहेवन येथील बुद्‌बुद कोठ्यांची मापने एकमेकांशी जुळत नव्हती. २०१४ मधील पुनर्विश्लेषणाने ती बव्हंशी जुळली. शिवाय लोखंडासारख्या जड अणुकेंद्रात निर्माण झालेला पायॉन बाहेर पडण्यापूर्वीच शोषला जाऊ शकतो. या अडचणीचे निराकरण अद्याप पुरते झालेले नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरा कस तेथेच लागतो.

कोलारच्या गटाने १९८१ मध्ये प्रोटॉनक्षयाच्या संभाव्य घटना जाहीर केल्या. त्यांवरून प्रोटॉनाचे आयुर्मान सु. एकावर ३१ शून्ये इतकी वर्षे येत होते. जपानमधील सुपर-कामिओकांडे या कितीतरी मोठ्या अभिज्ञातकात वरील प्रकारचा क्षय आढळलेला नाही. त्यानुसार ही मर्यादा एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांच्याही पलीकडे गेली आहे.