गेम सर्व्हरवरील प्रोसेसरचा ताण

अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन खेळाचा सर्व्हर ठरलेल्या वेळात आपली आकडेमोड पुरी करू न शकणे. कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत पडली की उभी आहे, हे सर्व्हर सेकंदात ठरावीक वेळा नव्याने ठरवतो. अशा एका फेरीला टिक म्हणतात. माइनक्राफ्टमध्ये सेकंदाला २० टिक असतात, म्हणजे एका टिकसाठी ५० मिलिसेकंद. व्हॅलोरंटमध्ये १२८, म्हणजे जेमतेम ७.८ मिलिसेकंद. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सला तर प्रोसेसरच्या एका कोअरवर तीन सामने चालवायचे होते. त्यामुळे थोडा वेळ राखून ठेवल्यावर एका सामन्याच्या वाट्याला टिकमागे २.३४ मिलिसेकंद उरले. म्हणून ताण ओळखायचा तो टिकला लागणाऱ्या वेळेवरून. प्रोसेसरच्या वापराचा टक्क्यांतला आकडा त्यानंतर पाहावा.

बुलढाणा जिल्ह्यात खेळ अडखळला की पहिला संशय रेंजवर जातो आणि बऱ्याचदा तो खराही असतो. पण सर्व्हर मुंबईत असेल तर तिथवरचे अंतर हे त्याचे कारण नव्हे. सर्व्हर भाड्याने देणारे ॲमेझॉनचे मुंबईतील क्लाउड केंद्र २०१६ साली सुरू झाले. बुलढाण्याहून मुंबई सरळ रेषेत साधारण ३८० किलोमीटर आहे आणि काचतंतूतून तेवढे जाऊन यायला प्रकाशाला सुमारे ४ मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षातला उशीर टॉवर, वळणावळणाचा मार्ग आणि संध्याकाळची गर्दी यांमुळे होतो. नेटवर्कचा दोष बहुधा एकेकट्याला जाणवतो. प्रोसेसर दमला की सगळ्यांचा खेळ एकदम संथ होतो. माइनक्राफ्टमध्ये फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर येतो, प्राणी थबकत चालतात आणि चॅटमधले संदेश मात्र बहुधा सुरळीत ये-जा करतात. सर्व्हरच्या नोंदीत ‘कान्ट कीप अप’ असा इशारा वारंवार दिसू लागला, तर हा संशय बळावतो.

तपास करताना सर्वाधिक फसवणूक एकूण टक्केवारी करते. माइनक्राफ्टच्या जगाचा मुख्य हिशेब एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतो. आठ थ्रेडच्या यंत्रावर तो एक थ्रेड पूर्ण भरला तरी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एकूण वापर १२-१३ टक्केच दिसू शकतो आणि पाहणारा निर्धास्त होतो. लिनक्सवर ‘टॉप’ चालवून कॅपिटल एच दाबले की थ्रेड वेगवेगळे दिसतात. तिथे एकच थ्रेड १०० च्या आसपास चिकटून राहिलेला दिसला, तर जादा कोअर विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे; हवा असतो तो एका कोअरचा वेग. रॅम वाढवण्याचा सल्लाही असाच सर्रास दिला जातो. माइनक्राफ्टचा सर्व्हर ज्यावर चालतो त्या जावाला स्मृती खरोखर कमी पडून ती मोकळी करण्यातच प्रोसेसर गुंतला असेल, तेव्हाच त्याचा उपयोग होतो.

यानंतर अंदाज बांधू नये, ‘स्पार्क’सारखे प्रोफायलर लावावे, कोणत्या कामाने टिकचा किती वेळ खाल्ला ते त्यात उघड होते. नेहमी सापडणारे दोषी म्हणजे एका जागी कोंडलेले शेकडो प्राणी, हॉपरच्या लांबच लांब रांगा, न थांबणारी रेडस्टोन घड्याळे आणि नव्या प्रदेशात धावणारे खेळाडू. कारण अनोळखी भूभाग जागच्या जागी घडवणे फार महाग पडते. तो आधीच घडवून ठेवता येतो. ‘सिम्युलेशन डिस्टन्स’ १० वरून ६ वर आणले की खेळाडूंभोवतीचे हलते-जागते क्षेत्र बरेच आटते. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे.

भाड्याच्या आभासी सर्व्हरवर ‘टॉप’मधला ‘एसटी’ हा आकडा अवश्य पाहावा. तो सतत चढा असेल तर बहुधा त्याच यंत्रावरचे दुसरे भाडेकरू आपल्या वाट्याचा प्रोसेसर वापरत आहेत आणि आपल्या सेटिंगमध्ये काही केले तरी फारसा फरक पडणार नाही.

मित्रमंडळींपुरता सर्व्हर घरच्या लॅपटॉपवर असेल तर उन्हाळा आडवा येतो. घाटावरचे बुलढाणा त्यातल्या त्यात थंड. घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो. आतले तापमान १०० अंशांजवळ पोचले की प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग उतरवतो आणि कालपर्यंत सहज होणारे काम आज १०० टक्के भार दाखवते. वीज जाऊन लॅपटॉप बॅटरीवर आला तरी तसेच घडू शकते. जाळीतली धूळ काढणे, यंत्र गादीवर न ठेवणे आणि पंख्याला वारा मिळू देणे हे इथले पहिले उपाय.

एकही खेळाडू नसताना भार उतरत नसेल तर घुसखोरीची शक्यता तपासावी. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या ‘लॉगफोरशेल’ त्रुटीमुळे माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हरवर परका प्रोग्राम चालवता येत होता, १.१८.१ आवृत्तीत ती बुजवली गेली. या त्रुटीतून जगभरच्या अनेक सर्व्हरांवर आभासी चलन खणणारे प्रोग्राम बसवले गेले. अनोळखी प्रोग्राम प्रोसेसर खाताना दिसला तर तो नुसता बंद करून भागत नाही. जगाच्या फाइली बाजूला काढून सर्व्हर कोरा करावा, सगळे पासवर्ड बदलावेत आणि ताजी आवृत्ती नव्याने बसवावी.