संकेतस्थळ आणि लक्ष्मी

गेल्या दिवाळींत चार दिवस मी कामरगांवास गेलों होतों. कामरगांव हें वाशीम जिल्ह्यांतील, कारंजा तालुक्यांतलें गांव. माझी धाकटी बहीण तेथें दिली आहे. (तिचें लग्न झालें तेव्हां तें अकोला जिल्ह्यांत मोडत असे, वाशीम जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं.) सोयाबीन नुकतेंच विकून झालें होतें आणि त्या पैशांपैकीं साठ हजार रुपये कपाटांत वेगळे काढून ठेवलेले होते. ते कशासाठीं, हें मला भाच्यानें दुसऱ्या दिवशीं सांगितलें. शहरांतील एक कंपनी त्याला संकेतस्थळ, म्हणजे ज्याला आपण घरोघर वेबसाइट म्हणतों तें, तयार करून देणार होती. एकदां तें उभें राहिलें कीं जाहिरातींचें उत्पन्न दरमहा आपोआप सुरू. शेतींत पाऊस आहे, भाव आहे, कीड आहे. येथें त्यांतलें कांहींच नाहीं, असें त्या कंपनीच्या माणसानें त्याला पटवून दिलें होतें. मुलगा बी. एस्सी. झालेला, चांगला हुशार आहे. रात्रीं तो निजल्यावर बहीण मला एवढेंच म्हणाली, "दादा, हे पैसे वापस येतीन काय?"

माझा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. यंत्रविद्येच्या आधारें ह्या प्रश्नाचें उत्तर मला देतां येण्यासारखें नव्हतें. इतिहासाच्या आधारें जेवढें देतां आलें तेवढें मीं सकाळीं ओसरीवर बसून भाच्याला सांगितलें, आणि तेंच आज थोड्या विस्तारानें आपणांपुढें मांडीत आहें. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही हा विषय आतां जेवतांना निघतो. तेव्हां तो केवळ आमच्या घरचा समजण्याचें कारण नाहीं.

संकेतस्थळ ही मुळांतच पैसा देणारी वस्तु आहे, दुभत्या म्हशीसारखी, अशी भाच्याची समजूत होती. परंतु ही वस्तु जन्मास आली ती पैशासाठीं नव्हे. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थानें १९८९ सालीं तिची पहिली योजना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सहज पाहतां यावेत म्हणून. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ही सारी युक्ति जगाला विनामूल्य वापरण्यास मोकळी करून दिली. हें दान फार मोठें होतें. पण त्याचा एक परिणाम धंद्याच्या दृष्टीनें विचारांत घेण्यासारखा आहे. ज्या बाजारांत कोणालाही फुकट दुकान मांडतां येतें, तेथें दुकानाला किंमत उरत नाहीं; तेथें दुर्मिळ असतें तें गिऱ्हाईक. भाचा साठ हजार देऊन दुकान घेत होता. गिऱ्हाईक त्या करारांत कोठेंच नव्हतें.

"पण मामा, जाहिराती असतात ना?" असतात. त्यांचाही इतिहास लहानसा पण बोधप्रद आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘हॉटवायर्ड’ ह्या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी ह्या दूरध्वनि कंपनीची पट्टी झळकली. ह्या तऱ्हेच्या पहिल्या जाहिरातींत तिची गणना होते. ती पाहणाऱ्या शंभर जणांपैकीं चव्वेचाळीस जणांनीं तिच्यावर बोट दाबलें, असें सांगतात. तो नवलाईचा काळ होता. आज अशा पट्टीवर शंभरांतून एकही माणूस बोट दाबीत नाहीं, इतकें तें प्रमाण उतरलें आहे. २००३ सालीं गूगल कंपनीनें लहान लहान संकेतस्थळांना जाहिराती पुरविण्याची ‘ॲडसेन्स’ नांवाची सोय काढली, आणि घरबसल्या उत्पन्नाच्या कथा तेव्हांपासून गांवोगांव पसरल्या. त्या सर्वस्वी खोट्या नाहींत. पण जाहिरातदार पैसे देतो तो पानाकडे पाहून देत नाहीं. पान वाचणारा काय विकत घेऊं शकेल हें पाहून देतो. अमेरिकेंतील वाचकामागें जो दर मिळतो तो कारंज्याच्या वाचकामागें मिळत नाहीं. शिवाय ह्या सोयीच्या मान्य भाषांच्या यादींत हिंदी आली तीच २०१४ च्या डिसेंबरांत. मराठीला त्यानंतर आणखी कांहीं वर्षें दाराबाहेर थांबावें लागलें. हजारों वाचक रोज येऊं लागले तरच ह्या रकमेला उत्पन्न म्हणतां येतें; दोनचारशेंवर वीजबिलही भागत नाहीं.

ह्यावर भाच्यानें आपला हुकमाचा पत्ता टाकला : "मग ते चारशें नव्याण्णव कोटी?" ही कथा त्याला कंपनीच्या माणसानेंच सांगितली होती. ती खरी आहे, आणि आपल्या मुंबईची आहे. म्हणून तिच्यावर थोडें थांबतों.

मुंबईचे राजेश जैन हे आय. आय. टी. मध्यें व नंतर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले अभियंते. ते १९९२ सालीं स्वदेशीं परतले आणि त्यांचे पहिले कांहीं उद्योग फसले. मार्च १९९५ मध्यें त्यांनीं ‘इंडियावर्ल्ड’ हें संकेतस्थळ सुरू केलें. तारीख लक्षांत घ्या. विदेश संचार निगमानें हिंदुस्थानांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें तें त्याच वर्षीं १५ ऑगस्टला. म्हणजे संकेतस्थळ निघालें तेव्हां येथें त्याला वाचक जवळजवळ नव्हताच. तें होतें परदेशांतील हिंदी लोकांसाठीं, ज्यांना घरच्या बातम्यांची भूक होती. प्रथम वर्गणी ठेवून पाहिली, ती पुरेशी जमेना. मग दार मोकळें केलें. चरितार्थ चालला तो मुख्यतः दुसऱ्या कंपन्यांचीं संकेतस्थळें बांधून देण्यावर. (जो धंदा भाच्याकडे आलेल्या माणसाचा होता तोच! हें मीं म्हटल्याबरोबर भाच्याला हंसूं आलें.) ‘समाचार’, ‘खेल’, ‘खोज’, ‘बावर्ची’ अशीं देशी नांवांचीं पानें हळूहळू उघडलीं, आणि वाचकांना त्यांची संवय लागली. साडेचार वर्षें असें चाललें. नंतर, नोव्हेंबर १९९९ मध्यें, सत्यम् इन्फोवे कंपनीनें शेंकडा साडेचोवीस हिस्सा १२२ कोटींस घेतला व उरलेला ३७७ कोटींस घेण्याचा करार केला. मिळून ४९९ कोटी.

हा पैसा आला कोठून? बातम्या वाचणाऱ्यांनीं तो दिला नव्हता, पाककृति पाहणाऱ्या गृहिणींनींही नव्हता. सत्यम् इन्फोवेचे शेअर त्याच्या आदल्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारांत खपले होते, आणि त्या बाजाराला त्या वेळीं ज्वर चढलेला होता. १० मार्च २००० रोजीं त्याचा निर्देशांक ५,०४८ वर पोंचला. ऑक्टोबर २००२ मध्यें तो १,११४ वर आला. मधल्या काळांत कित्येक नांवाजलेलीं संकेतस्थळें बुडालीं. कुत्र्यामांजरांचें खाद्य विकणाऱ्या ‘पेट्स डॉट कॉम’ नें फेब्रुवारी २००० मध्यें शेअर विकून सव्वाआठ कोटी डॉलर गोळा केले, आणि नोव्हेंबरांत दुकान बंद केलें. जैन ह्यांची चिकाटी व दूरदृष्टि कमी लेखण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु चारशें नव्याण्णव हा आंकडा सांगतांना साडेचार वर्षें गाळावयाचीं, फसलेले उद्योग गाळावयाचे आणि बाजाराचा ज्वरही गाळावयाचा, ही सांगण्याची रीति कथेकऱ्याची झाली.

खरें पाहतां वऱ्हाडच्या माणसाला हा ज्वर परका वाटूं नये. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईंत जमला व तेथें रोज नव्या कंपन्या निघूं लागल्या. बॅक बेची खाडी बुजविण्यासाठीं निघालेल्या कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. १ जुलैला हिशेब मिटविण्याचा दिवस आला तेव्हां मुंबईंतल्या भल्या भल्या पेढ्या बसल्या, आणि बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यांतून सांवरली नाहीं. १८६८ सालीं ती गुंडाळावी लागली. कापूस मात्र नंतरही पिकत राहिला, विकत राहिला. इंटरनेटचेंही तसेंच झालें आहे. नॅसडॅक कोसळल्यावर संकेतस्थळें नाहींशीं झालीं नाहींत. ज्यांच्याकडे लोकांचें कांहीं काम होतें तीं टिकलीं.

भाच्याजवळ आणखी एक उदाहरण होतें. २००५ सालीं ॲलेक्स ट्यू ह्या इंग्रज विद्यार्थ्यानें एकच पान मांडलें, त्याचे दहा लक्ष ठिपके केले व एका डॉलरला एक ह्याप्रमाणें जाहिरातदारांना विकले. त्याला एकंदर १०,३७,१०० डॉलर मिळाले. हेंही खरें. त्याच्या मागोमाग शेंकडों जणांनीं तसेंच पान मांडलें. त्यांतल्या एकाचें तरी नांव आठवतें का, असें मीं विचारलें, तेव्हां भाचा गप्प राहिला.

जो पहिला येतो तो जिंकतो, हीही एक आवडती समजूत आहे. तिच्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. मराठींतलें पहिलें वर्तमानपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान संपादक, मराठी व इंग्रजी असा जोड मजकूर, आणि पहिलेपणाचा मान. तरी १८४० मध्यें तें बंद पडलें. बाळशास्त्र्यांना त्यांतून द्रव्य मिळवावयाचें नव्हतें हें उघड आहे. परंतु नव्या साधनावर पहिला हात ठेवणाऱ्याला वाचक आयते मिळत नाहींत, हें त्यावरून दिसतें. उलट अमेरिकेंत अजय गल्लेवाले ह्यांनीं १९९६ च्या गणेश चतुर्थीस ‘मायबोली’ हें संकेतस्थळ सुरू केलें, तें दूरदेशीं राहणाऱ्या माणसांना आपल्या भाषेंत बोलतां यावें म्हणून. लोक गप्पांसाठीं आले, वर्षानुवर्षें येत राहिले. पुढें त्यांना मराठी पुस्तकें विकण्याची व्यवस्थाही तेथें झाली. आधीं माणसें जमलीं, दुकान मागाहून आलें.

शेवटीं मीं भाच्याला किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें कारखान्याचें पत्र काढलें. लोखंडी नांगर व इतर यंत्रें घेणाऱ्या लोकांशीं संबंध राहावा हा त्याचा मूळ उद्देश. त्याचें पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें आणि १९३० त ‘स्त्री’ व १९३४ त ‘मनोहर’ हीं भावंडें त्याला मिळालीं, ही कीर्ति मागाहूनची. आरंभीं त्या पत्राचा खर्च कोण सोशी? नांगर. पत्रावर पोट भरावयाचें नव्हतें म्हणून पत्राला वाढावयास सवड मिळाली. "आतां तुझा नांगर कोणता तें सांग," असें मीं म्हटलें. भाचा बराच वेळ अंगणांतल्या पोत्यांकडे पाहत राहिला आणि उठून गेला. तो रागावला असें बहिणीला वाटलें, मलाही वाटलें.

होळीच्या सुमारास तिचा फोन आला. घरच्या तुरीची डाळ करून भाच्यानें ती अमरावतीच्या अकरा व अकोल्याच्या चार घरीं पोंचविली होती. त्यांपैकीं नऊ घरांनीं पुन्हा मागविली. उरलेल्या सहांनीं कां मागविली नाहीं हें तो एकेकाला फोन करून विचारीत होता आणि वहींत लिहून ठेवीत होता. डाळीला माती लागते असें दोघांनीं सांगितलें म्हणून आतां घरांत रोज निवडण्याचें काम वाढलें आहे, अशी तिची तक्रार. संकेतस्थळाचें नांव त्यानें एका वर्षाचे पैसे भरून नोंदवून ठेवलें आहे. पान अजून कोरेंच आहे. उरलेले पैसे कोठें आहेत असें मीं विचारलें, तेव्हां ती हंसली, आणि कपाटाची किल्ली हल्लीं आपल्याजवळ असते एवढें म्हणाली.