सुफळ संपूर्ण म्हणण्याआधी

कहाणी सांगून झाली की आजी 'सुफळ संपूर्ण' म्हणायची आणि हातातल्या अक्षता देवापुढं ठेवायची. मग आम्ही मुलांनी कितीही शंका काढल्या, तरी ती कहाणी पुन्हा उघडत नसे. संकटाच्या गोष्टीचा शेवट कसा असावा, याबद्दलची माझी समजूत तिथं तयार झाली. संकट मोठं यावं आणि टळावं. ही समजूत बदलायला मला एक इंग्रजी कादंबरी, तिच्यावरचे दोन चित्रपट आणि मुंबईतला एक पावसाळा लागला.

कादंबरी एच. जी. वेल्स यांची, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. १८९७ च्या एप्रिलपासून ती लंडनच्या 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये क्रमशः येऊ लागली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडात उतरतात. तीन पायांची उंच यंत्रं, भाजून काढणारा किरण, काळा विषारी धूर. सैन्याचं त्यांच्यापुढं काही चालत नाही. लंडन रिकामं होतं. आणि मग एके दिवशी हे मंगळवासी मरून पडलेले आढळतात. पृथ्वीवरच्या सूक्ष्म जंतूंनी त्यांचा निकाल लावलेला असतो.

कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी चिडलो होतो. हरत आलेला सामना पावसानं वाचवावा, तसा हा शेवट. यात माणसाचा पराक्रम तो काय? पुढं पुन्हा वाचताना लक्षात आलं की, लेखकानं फसवलेलं नाही. पहिल्याच परिच्छेदात सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातले जीव पाहणाऱ्या माणसाची उपमा आहे. वेल्स हे थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेले. शेवटाचं बी त्यांनी सुरुवातीलाच पेरून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट. या कादंबरीची कल्पना सुचली ती भाऊ फ्रँक यांच्याशी झालेल्या बोलण्यातून. युरोपीय वसाहतीमुळं टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं जे झालं, तेच आपल्यावर आलं तर, असा तो विचार होता. आणि शेवटी वेल्स सांगतात की, जंतूंशी टिकाव धरण्याची ताकद माणसाला फुकट मिळालेली नाही. असंख्य पूर्वजांनी मरून तिची किंमत मोजलेली आहे. म्हणजे सुटका झाली, पण पावती जुन्या मृत्यूंच्या नावावर फाटलेली आहे. नायकाला त्याची बायको जिवंत भेटते हे खरं. तरीही त्याच्या मनातली धास्ती जात नाही.

हा शेवट पुढं प्रत्येकानं आपापल्या परीनं हाताळला. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेत ही गोष्ट नभोवाणीवर बातमीपत्राच्या ढंगात सादर केली. लोक घाबरून रस्त्यावर आले, असं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी रंगवलं. नंतरच्या अभ्यासकांच्या मते ती घबराट बरीच फुगवलेली होती. त्या कार्यक्रमातही मंगळवासी शेवटी जंतूंनीच मरतात, आणि अखेरीस ऑर्सन वेल्स स्वतःच्या आवाजात ही सगळी गंमत होती, असं सांगतात. पण मध्येच रेडिओ बंद करून उठलेल्या माणसापर्यंत तो शेवट कसा पोहोचणार?

१९५३ च्या चित्रपटात गोष्ट लॉस एंजेलिसला जाते. अणुबॉम्बही निकामी ठरतो. चर्चमध्ये लोक प्रार्थना करत असतात, आणि बाहेर मंगळवासी कोसळतात. जंतू तेच, पण श्रेय प्रार्थनेकडं झुकतं. जंतूंना ईश्वरी योजनेचा भाग म्हणणं मूळ पुस्तकातही आहे. मात्र तिथं शेजारीच मेलेल्या पूर्वजांचा हिशेब आहे. २००५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटात आगीच्या लोळात हरवलेला मुलगा अखेरीस बॉस्टनच्या घरात सुखरूप उभा दिसतो. तो वाचला कसा, हे सांगितलंच जात नाही. जगभरच्या प्रेक्षकांनी नेमक्या याच गोष्टीबद्दल कुरकुर केली.

तो चित्रपट मी २००५ च्याच पावसाळ्यात पाहिला. त्याच पावसाळ्यात २६ जुलै आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. आमच्या वॉचमनचा एकोणीस वर्षांचा मुलगा रात्रभर त्या पाण्यात उभा होता. तळमजल्यावरच्या चार म्हाताऱ्या माणसांना त्यानं पाठीवर घेऊन वर आणलं. दोन दिवसांनी पाणी ओसरलं. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वार्षिक अहवालासाठी मी लगेच टिपण तयार केलं आणि त्यात लिहिलं, 'सुदैवाने जीवितहानी नाही.'

ऑगस्टमध्ये त्या मुलाला ताप आला, मग कावीळ, मग मूत्रपिंडं बंद पडली. लेप्टो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे शिरणारे जंतू. आठवड्याभरात तो गेला.

त्यानंतर मी १८९७ साल पुन्हा उघडून पाहिलं. लंडनचे वाचक जंतू माणसाला कसे वाचवतात, हे वाचत होते, तेव्हा मुंबई आणि पुणं प्लेगनं उजाड होत होतं. मुंबईतला प्लेग १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत ओळखला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. १० मार्चला, म्हणजे कादंबरीचा पहिला भाग छापून येण्याआधी काही दिवस, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगानं गेल्या. त्या वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढावा लागला.

म्हणून आता संकटाच्या गोष्टीचा शेवट मी एकाच कसोटीवर तपासतो. शेवट गोड आहे की कडू, हे मी बघत नाही. सुटकेची किंमत कुणी मोजली, ते माणूस शेवटच्या पानावर आहे की नाही, एवढं बघतो. वेल्स यांच्या पानावर ते आहे. आमच्या अहवालात नव्हतं. सप्टेंबरमधल्या सभेत तो वाचला गेला, मंजूर झाला. पुराचा दिवस २६ जुलै, मुलगा गेला ऑगस्टमध्ये, त्यामुळं वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. मागच्या रांगेत त्याचे वडील उभे होते. वाक्य बदलायला माझ्याकडं महिनाभर होता.