पितळी मुठीचं वय जस्ताला विचारा, पण जपून

१७व्या-१८व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ‘हँगर’ नावाची आखूड तलवार शिकारी जमीनदार, खलाशी, साधे शिपाई अशा सगळ्यांच्या कमरेला असायची. मूठ बऱ्याचदा पितळी. एकदा साचा झाला की सिंहाचं तोंड, शिकारी कुत्री, वेलबुट्टी हवी तितक्यांदा ओतता येई, आणि खाऱ्या हवेत पितळ लोखंडासारखं गंजत नाही.

अशी तलवार हातात आली की लोक आधी पातं बघतात. त्यावर ‘धावता लांडगा’ कोरलेला असला की म्हणतात, जर्मनीतल्या झोलिंगेनची! पण झोलिंगेनचे कारागीर १६२९च्या सुमारास लंडनजवळच्या हाउन्स्लोला आणि १६८७च्या सुमारास डरहॅममधल्या शॉटली ब्रिजला येऊन राहिले. लांडगाही त्यांच्याबरोबर आला. शिवाय जुन्या पात्याला नवी मूठ बसवणं नेहमीचंच. म्हणजे मुठीचं वय वेगळं काढावं लागतं.

इथे रसायनशास्त्र कामाला येतं. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळून उडून जातं. म्हणून तेव्हा तांब्याचे तुकडे, कॅलामाइन हे जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवत. जस्ताची वाफ तांब्यात मुरायची. या रीतीत जस्ताचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या वर जात नाही. जस्ताची वाफ थंड करून धातू मिळवण्याची युक्ती राजस्थानातल्या झावरला कित्येक शतकं आधीपासून होती (हे सांगताना मला दरवेळी मजा वाटते). ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने तिचं पेटंट घेतलं ते १७३८मध्ये, आणि धातुरूप जस्तापासून थेट पितळ करण्याचं जेम्स इमर्सनचं पेटंट १७८१चं.

तेव्हा ‘१६४०ची’ म्हणून दाखवलेल्या मुठीत ३६ टक्के जस्त निघालं, तर संशय घ्याच. उलटं मात्र खरं नाही. २० टक्के निघालं म्हणून मूठ जुनी ठरत नाही: कॅलामाइनची रीत १९व्या शतकातही चालू होती, आणि मोडीचं पितळ पुन्हा वितळवताना जस्त थोडं उडतंच.

त्यात क्ष-किरणांचं यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. गंजताना पितळाच्या पृष्ठभागातलं जस्त आधी निघून जातं, त्यामुळे आकडा खोटाच कमी येऊ शकतो. म्हणून कुणी तुम्हाला टक्केवारी दाखवली, तर आधी विचारा: मोजमाप मुठीवर नेमकं कुठे घेतलं, आणि वरचा थर काढून घेतलं का?