संकटग्रस्त रोखे आणि म्युच्युअल फंड

व्याज वा मुद्दल थकवलेल्या, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील कंपनीचे कर्जरोखे दर्शनी किमतीच्या पुष्कळ खाली विकले जातात. ते स्वस्तात घेऊन कंपनी सावरेपर्यंत किंवा मालमत्ता विकून वसुली होईपर्यंत धरून ठेवायचे, हा या गुंतवणुकीचा गाभा. तिला पैशाइतकीच सवड लागते. म्युच्युअल फंडाच्या मुक्त योजनेत मात्र युनिटधारक कधीही पैसे मागू शकतो. खरी अडचण इथेच आहे.

सवड असलेला धनको कसा असतो, याचा दाखला ग्वाल्हेरात सापडतो. टाटांच्या पोलाद कंपनीचे (स्थापना १९०७) भागभांडवल सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत भरले. पुढे खेळत्या भांडवलासाठी काढलेली ४ लाख पौंडांची ऋणपत्रे मात्र ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी एकट्याने घेतली. हे रोखे संकटग्रस्त नव्हते, पण धंदा नवा आणि जोखमीचा होता. महाराज थांबू शकत होते, कारण पैसा त्यांचा होता.

अमेरिकेत मॅक्स हाइन यांच्या म्युच्युअल शेअर्स फंडाने (१९४९) दिवाळखोर रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांत नाव कमावले. उलट थर्ड ॲव्हेन्यूच्या फोकस्ड क्रेडिट फंडाला डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ७९ कोटी डॉलर शिल्लक असताना पैसे परत देणे थांबवावे लागले.

भारतात सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे क्रेडिट रिस्क फंड. त्यात किमान ६५ टक्के रक्कम ‘एए’ व त्याखालच्या पतमानांकनाच्या कंपनीरोख्यांत असते. मुंबईच्या फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने २३ एप्रिल २०२० रोजी सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. कोरोनाकाळात पैसे मागणाऱ्यांची रीघ लागली आणि कमी मानांकनाच्या रोख्यांना गिऱ्हाईक उरले नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एसबीआय फंड्स मॅनेजमेंटने रोखे सवडीने विकले, तेव्हा बंद करतेवेळच्या मूल्याहून अधिक रक्कम गुंतवणूकदारांना परत मिळाली. मधल्या काळात निवृत्तांची बचत अडकून पडली, ही झळ आकड्यांत दिसत नाही.

जानेवारी २०२२ पासून सेबीने संकटग्रस्त मालमत्तेसाठी ‘स्पेशल सिच्युएशन फंडां’ना वाट दिली, त्यात सर्वसाधारणपणे किमान १० कोटी रुपये घालावे लागतात. सामान्य बचतदारासाठी डिसेंबर २०१८ची तरतूद महत्त्वाची: बुडीत रोखा मूळ योजनेतून वेगळा काढता येतो, त्या दिवशीच्या प्रत्येक युनिटधारकाला त्याची स्वतंत्र युनिटे मिळतात आणि वसुली होईल तसे पैसे हाती येतात.